आबांचा फिक्स नंबर

माझं ऑफिसचं ओळखपत्र अकरा दिवस आबांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. फोटो, शिक्का, गळ्यातली निळी दोरी, सगळ्यासकट. ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगायचो, धुवायला टाकलेल्या शर्टात राहिलं. खरं सांगायची सोय नव्हती. पंचाहत्तरीच्या एका म्हाताऱ्याने ते माझ्या गळ्यातून काढून घेतलं होतं आणि वर अहिराणीत बजावलं होतं, "मन्हा नंबर परत आन, मंग तुन्हा बिल्ला लई जाय."

मी तेव्हा जळगावात घरोघरी इंटरनेट जोडून द्यायचं काम करायचो. शिडी, वायरचं भेंडोळं आणि लोकांच्या शिव्या, एवढं भांडवल. आबा माझे ग्राहक, नात्याचे कुणी नाहीत. मी बोदवडचा, म्हणून त्यांनी माझं नावच बोदवड ठेवलं होतं. "काय रे बोदवड, आज कोनाना घरनं नेट बंद पाडं?" अशी सुरुवात व्हायची. मला राग यायचा, आणि चार दिवस त्यांच्या गल्लीत काम निघालं नाही तर चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं.

ते मूळचे सोनगीरचे. नोकरी वरणगावला फॅक्टरीत, टूलरूममध्ये. टूलरूम म्हणजे हत्यारांची खोली. तिथे भिंतीवर मोठी फळी असते आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ रंगवलेली असते. पाना उचलला की पान्याची आकृती रिकामी दिसते. ज्याने उचलला त्याने आपला पितळी बिल्ला तिथे टांगायचा, म्हणजे कुणाकडे काय गेलंय ते कळतं. सुटीच्या वेळी फळीवर रिकामी आकृती दिसली तर कुणीही घरी जायचं नाही. एकदा एका गेजसाठी, म्हणजे मापाच्या हत्यारासाठी, आबांनी अख्खी पाळी दीड तास बसवून ठेवली होती म्हणे, आणि गेज निघालं आबांच्याच खिशातून. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. सांगताना त्यांना लाज वाटायची नाही, उलट पद्धत किती पक्की होती याचा पुरावा म्हणून सांगायचे!

निवृत्त झाल्यावर जळगावात दोन खोल्या आणि पुढे ओटा एवढं घर बांधलं आणि तिथेही तीच फळी आली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, सांडशी, किसणी, चहाची गाळणी यांच्या पिवळ्या ऑइलपेंटने काढलेल्या आकृत्या. टेबलावर चष्म्याची आकृती. फ्रिजवर बामच्या बाटलीचा गोल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाणी पिऊन पेला चुकून दुसऱ्या गोलात ठेवला, तर म्हणाले, "तो लोट्याचा बंगला आहे. पेल्याचा शेजारी."

"आबा, एवढं कशाला? घर आहे, फॅक्टरी नाही."

"वस्तू हिंडते रे. हिंडू दे. जागा हिंडायला नको."

दाराशी फरशीवर चपलांच्या आकृत्या होत्या. एक त्यांच्या स्वतःच्या चपलांची, दुसरी बायकी चपलांची. मधे थोडी फरशी घासल्यासारखी पांढुरकी दिसायची. तिथे काकूंची, म्हणजे आबांच्या बायकोची, आकृती होती. काकू गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी ती स्वतः टर्पेंटाइनने पुसून काढली. गेलेल्या माणसाची जागा अडवून ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. पण ती दुसरी बायकी आकृती दर दिवाळीला नवा रंग घ्यायची. मी एकदा घाईत तिच्यावर बूट काढले. आबांनी बोलणं अर्ध्यात सोडलं आणि म्हणाले, "पाय उचल." एवढंच. पण असं म्हणाले की मी बूट हातात घेऊन घरात गेलो.

ती आकृती त्यांच्या मुलीची. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो. लपवून गोष्ट रंगवायची मला हौस नाही.

एकुलती एक लेक. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिनेच घरी इंटरनेट घेतलं, काकूंच्या खाटेवर रोखून एक कॅमेरा लावला आणि घराला फिक्स नंबर घेतला. आता हे नंबरचं प्रकरण सांगायला हवं. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक नंबर मिळतो. बहुतेकांचा तो बदलता असतो. राउटर बंद करून चालू केला की नवा नंबर, आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण आपण बाहेर जाऊन बघतो तेव्हा आपला नंबर कोणता याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पण बाहेरच्या कुणाला आपल्या घरात डोकावायचं असेल तर नंबर कायमचा लागतो. त्याचे महिन्याला थोडे जास्त पडतात. पुण्यात बसून ती पोर तो नंबर टाकायची आणि आईची खाट बघायची. आईने कूस बदलली की बापाला फोन, "आबा, आईला पाणी हवंय."

काकू गेल्या. वर्षभराने लेकीने परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. आबा म्हणाले, या घराची पायरी चढू नको. बोलून गेले की मनात धरून बोलले, देव जाणे. रागात त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर बदलला. तिकडे तिनेही तिचा बदलला. बाप तसा लेक, कोण वाकणार? सहा वर्षं झाली. दोघांकडे एकमेकांचं काही म्हणता काही उरलं नाही. उरला तो कॅमेऱ्याचा नंबर, तिने स्वतः घेतलेला, तिला पाठ असलेला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की या म्हाताऱ्याचा कॅमेरा उलटा लावलाय. काकूंच्या खाटेवरचा तो कॅमेरा आता फाटकाच्या खांबावर होता आणि तोंड घराकडे, ओट्याकडे.

"आबा, चोर बाहेरून येतो. कॅमेरा रस्त्याकडे फिरवून देतो."

"चोर घरमाच ऱ्हास," आबा म्हणाले आणि पेपर उघडला.

रोज चार वाजता ते ओट्यावर बसत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात पेपर. ओट्यावर दोन खुर्च्या, दोन्हींच्या पायांखाली पिवळ्या खुणा. कॅमेऱ्याकडे कधी बघायचे नाहीत, पण चेहरा नीट दिसेल असा कोन धरून बसायचे. मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, चार वाजता ओट्यावर! मी मनात म्हणायचो, या वयात काय ही फोटोची हौस. पाचला आत जाऊन जुन्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याची नोंद उघडायचे. कोण कधी बघून गेलं याची ओळ त्यात येते. ती वाचून मगच दुसरा चहा.

त्याच सुमारास धुळ्याच्या मुख्य ऑफिसातून आम्हाला यादी आली. फिक्स नंबर कमी पडताहेत, घरगुती ग्राहकांकडचे परत घ्या, त्यांना बदलते द्या. माझ्या यादीत अकरा नावं होती. दहा जणांनी ऐकूनसुद्धा घेतलं नाही, नेट चालतंय ना, मग कर काय करायचं ते. अकरावे आबा.

मी त्यांना समजावलं, आणि मनापासून समजावलं, हे मला नमूद करायचंय. "आबा, फिक्स नंबर म्हणजे रोज एकाच दाराशी उभं राहणं. कुणीही येऊन कडी वाजवतो. बदलता असला की कुणाला सापडत नाही, सुरक्षित. आणि स्वस्त."

"सापडत नाही, ते चांगलं?"

"म्हणजे काय! घरी कुणाला लागतो हो फिक्स?"

आबांनी पेपरची घडी घातली. त्यांना मनापासून बोलायचं असलं की ते प्रमाण मराठी बोलत, टूलरूममध्ये साहेबापुढे बोलत असतील तशी. म्हणाले, "लहानपणी जत्रेत नेताना तुझी आई काय सांगायची?"

"हरवलास तर हिंडू नको. एका जागी उभा राहा, मी शोधत येते."

"का?"

"दोघं हिंडलो तर सापडणार कसे?"

"हं. मग तुझ्या साहेबाला सांग, एक जण हिंडतोय. त्याचा नंबर रोज वेगळा येतो, मी बघतो ना नोंदीत. दुसऱ्याने तरी उभं राहायला पाहिजे."

मी हसलो. मला वाटलं, म्हातारा नेहमीप्रमाणे तत्त्वज्ञान सांगतोय. आणि आता माझं पाप ऐका. आबा चार दिवस सोनगीरला पुतण्याच्या लग्नाला गेले. यादीवर दहा खुणा झाल्या होत्या, अकरावी राहिली होती, आणि धुळ्याहून रोज फोन. मी विचार केला, नेट तर चालूच राहणार, महिन्याचे पैसेही वाचणार, म्हाताऱ्याला कळणारसुद्धा नाही. आपल्याकडे हे असंच चालतं. माणूस आपला वाटला की त्याला न विचारता त्याचं भलं करून टाकायचं! आबा गेले त्याच दुपारी मी ऑफिसात बसल्या बसल्या त्यांचा नंबर सोडून दिला. दोन मिनिटांचं काम होतं. वर घरी जाऊन आईला म्हणालोही, आज एका आजोबांचे पैसे वाचवले.

लग्नाहून आल्यावर आबांचा फोन आला. "कॅमेरा चालू शे का रे?"

"घरच्या स्क्रीनवर दिसतंय ना? मग चालू आहे."

आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाजच बसलेला होता, म्हणून मी गेलो. चार वाजून गेले होते. ओट्यावर इस्त्रीचा शर्ट होता, पण दाढी वाढलेली. मला आत नेऊन त्यांनी कॉम्प्युटर दाखवला. लग्नाला जायच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एक ओळ, चार ते पाचच्या मधली. कधी दोन मिनिटांची, कधी वीस. त्यानंतर काही नाही.

"सतरा दिवस," आबा म्हणाले. "ताप आला तरी एवढे दिवस येत नाही. तिला काही झालं असेल का रे बोदवड? की कंटाळली असेल?"

"कोण, आबा?"

मग त्यांनी सांगितलं. खाट, लग्न, पायरी, फोन, सगळं. सहा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. सांगताना माझ्याकडे न बघता त्या रिकाम्या ओळींकडे बघत होते. खोटं बोलायला वाव होता. कॅमेऱ्यात बिघाड म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण लग्नाहून आल्यापासून तो माणूस लेक मेली की काय या विचाराने धड जेवत नव्हता, आणि त्याच्यासमोर माझी जीभ रेटेना.

"आबा, तिने नाही सोडलं. मी सोडला. तुमचा नंबर मी बदलला."

मला वाटलं, आता चप्पल निघणार. निघाली असती तर बरं झालं असतं. आबा म्हणाले, "हत्यार उचललं, आणि बिल्ला नाही टांगला." उठले, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि राउटरच्या वर भिंतीतल्या खिळ्याला लावलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

"एखाद्या मैत्रिणीकडून निरोप तर धाडता येईल," मी म्हणालो.

"निरोप धाडला म्हणजे मी बोलावलं असं व्हई," आबा म्हणाले. इतके दिवस उपाशी, आणि ताठा तसाच! मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच दयाही.

धुळ्याला मी चार फोन केले. उत्तर एकच, घरगुती ग्राहकाला फिक्स मिळणार नाही. शेवटी आठव्या दिवशी आबांना घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. पारोळा मागे पडलं. आबांनी विचारलं, "आता तो नंबर कुणाकडे असेल?" मी म्हटलं, कुणाकडेही, आज एका घरी, उद्या दुसऱ्या. ते खिडकीबाहेर बघत बसले.

ऑफिसातल्या मॅडम धुळ्याच्याच, वागायला चांगल्या. त्यांनी बघून सांगितलं, नंबर सध्या वरणगावच्या एका घरात फिरतोय. आबा पुटपुटले, "वरणगावलेच गया का!"

"दुसरा कुठलाही फिक्स नंबर देता आला तर बघते," मॅडम म्हणाल्या.

"दुसरा नको. तोच," मी म्हणालो. "समोरच्या माणसाला तोच पाठ आहे. आणि त्याला नवा कळवायला आमच्याकडे त्याचा फोन नंबर नाही."

मॅडमनी एक फॉर्म पुढे केला. "मग वरून परवानगी घ्यावी लागेल. कारण लिहा. सिक्युरिटी लिहा आजोबा, सगळे तेच लिहितात."

"खोटं लिहायचं नसतं कागदावर," आबा म्हणाले.

त्यांनी पेन घेतलं. आधी नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सगळं टूलरूमच्या घोटीव अक्षरात. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. लोक येत होते, जात होते, पंखा गरगरत होता. मी म्हटलं, आबा, मी लिहू का? त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळाने एक ओळ लिहिली आणि कागद उलटा करून मॅडमकडे सरकवला, मला दिसू नये म्हणून. पण मॅडमनी तो सुलटा केला, आणि मी वाचला.

'मन्ही आंडेर देखस.'

आंडेर म्हणजे लेक. माझी लेक बघते. हयातभर ज्या माणसाने फॉर्मवर अहिराणीचा एक शब्द लिहिला नसेल, त्याने कारणाच्या रकान्यात हे लिहिलं होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला, फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाशी पाच मिनिटं भांडल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "जा आबा घरी. उद्या सकाळपर्यंत चालू होईल." आजोबांचे आबा कधी झाले, त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच आबांकडे गेलो. अकराच्या सुमारास राउटरने जुना नंबर घेतला. आबा बनियनवर होते, भाजी निवडत बसलेले. म्हणाले, "चारले देखू." चहा टाकायला उठले. मी कॉम्प्युटरसमोरच होतो. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील आणि नोंदीत ओळ उमटली.

"आबा!"

ते आले. ओळ बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. चारची वाट न बघता आली होती. म्हणजे रोज चारलाच नव्हे, जेव्हा जमेल तेव्हा ती पोर नंबर टाकून बघत होती, इतके दिवस, बंद दारावर. आबांना ते माझ्याआधी कळलं. ते तसेच, बनियनवर, ओट्यावर गेले. खुर्चीत बसले नाहीत. कोन धरला नाही. सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "ये वं माय. घर ये."

"आबा, या कॅमेऱ्यात आवाज जात नाही," मी हळूच म्हणालो.

"माले माहीत शे," आबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते. "खडू आन. टेबलाच्या खणात शे."

मी खडू आणला. पंचाहत्तरीचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि ओट्याच्या फरशीवर हातभर उंचीची अक्षरं काढली. घर ये. कॅमेऱ्याला नीट वाचता यावीत म्हणून फाटकाच्या बाजूने, आपल्याला उलटी येतील अशी. आत नोंदीतली ओळ चालूच होती, म्हणजे ती अजून बघत होती. मला तिथे उभं राहवेना, मी निघून आलो. घरी पोचल्यावर लक्षात आलं, बिल्ला तिथेच राहिला.

सोमवारी घ्यायला गेलो. आबा दाराशीच होते, पुन्हा गुडघ्यांवर. आतून कुकरची शिट्टी आणि कुणा बाईचा आवाज येत होता. पिवळ्या रेघेच्या आकृतीत एक बायकी बूट-जोड होता, चांगला बोटभर रेघेबाहेर आलेला. बोटभर! पेल्याच्या जागेवरून मला बोल लावणारा हा माणूस, पण तो जोड त्यांनी सारखा केला नव्हता.

आणि त्याच्या शेजारी, काकूंची आकृती पुसली होती त्या पांढुरक्या फरशीवर, माझ्या तळहातात मावतील एवढ्या लाल सँडल होत्या. चालताना पी-पी वाजणाऱ्या. आबा त्यांच्याभोवती रेघ काढत होते.

"बिल्ला लई जाय," मान वर न करता म्हणाले. "खियालेच शे."

मी खिळ्यावरून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं. बाहेर आलो तर माझ्या ध्यानात आलं, पेंटचा डबा झाकण न उघडता बाजूला ठेवलाय आणि आबांच्या हातात खडू आहे.

"हे काय आबा, ऑइलपेंट नाही? पुसलं जाईल की."

आबांनी सँडल उचलून रेघ नीट आली का ते बघितलं.

"पुसाले पाहिजेच," ते म्हणाले. "पाय वाढतीन ना रे तिन्हा. बदलनं पडी."